उभ्या ट्रॉलीची निगा



आज आपल्याशी जे चार शब्द बोलायचे आहेत ते बियाण्याविषयी नाहीत, खताविषयी नाहीत, की पिकावर पडणाऱ्या रोगाविषयीही नाहीत. ते आहेत खळ्याच्या कोपऱ्यात नाहीतर उकिरड्याच्या कडेला पावसात उभ्या असलेल्या आपल्या ट्रॉलीविषयी. शेणखत रानात न्यायला ट्रॉली, माल बाजारात न्यायला ट्रॉली, ऊस कारखान्यावर घालायला ट्रॉली, आणि घर बांधायचे निघाले तर वाळू-विटा आणायलाही तीच. वर्षाचे आठ महिने आपण तिला उसंत देत नाही. मग मृग बरसतो, वाटा चिखलाने भरतात, आणि पिन काढून आपण तिला जी सोडून देतो, ती थेट दसऱ्यापर्यंत तिच्याकडे वळूनही बघत नाही.

ट्रॅक्टरचे तसे नसते. ट्रॅक्टर छपरात जातो, त्याच्या बोनेटवर गोणपाट पडते, घरातले पोरगेदेखील त्याला फडके मारते. ट्रॉलीचे विचारले तर उत्तर ठरलेले: "अहो, लोखंडच ते. त्याला ना इंजिन, ना काही. पावसानं त्याला काय धाड भरतीय?"

मंडळी, धाड भरते ती इथेच. नीट वापरलेली ट्रॉली चालून जेवढी झिजते, त्याहून अधिक ती उभी राहून खराब होते. चालत्या ट्रॉलीचे चाक फिरते, बेअरिंगमधले ग्रीस सगळीकडे पसरते, तळावरचे पाणी हेलकाव्याने सांडून जाते, आणि मुख्य म्हणजे रोज कोणाची तरी नजर तिच्यावर असते. उभ्या ट्रॉलीत पाणी तसेच राहते, ग्रीस एका जागी बसते, टायरचा तोच भाग महिनोन् महिने ओझे पेलतो, आणि बघणारे कोणी नसते. बरे, ही खराबी दसऱ्याला दिसत नाही. वरून रंग ठीक असतो. ती दिसते पौषात, भर रस्त्यात, माल खच्चून भरलेला असताना.

ऊस भरलेल्या ट्रॉलीचे चाक रस्त्यात जखडले म्हणजे काय होते ते उसाच्या भागातल्या मंडळींना सांगायला नको. तोडलेला ऊस वाळू लागतो, त्याचे वजन घटते, साखरेचा उतारा घटतो, कारखान्यावरचा नंबर हुकतो, आणि फडात तोडणीची टोळी रिकाम्या हाताने बसून राहते. हे झाले पैशाचे नुकसान. ते पुढच्या वर्षी भरून काढता येते. पण गंजलेली पिन तुटून ट्रॉली उतारावर सुटली, किंवा दिवा-खूण नसलेल्या ट्रॉलीवर अंधारात मागून कोणी येऊन आदळले, तर ते नुकसान भरून काढायचा उपाय कोणाजवळ नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक होती. पाऊस तोंडावर आला, की ज्या भागात गाडीवाटा बंद होत, तिथे बैलगाडीची चाके काढून पडवीत भिंतीला टेकून ठेवीत. आसाला वंगण फासून ठेवीत. जू आढ्याला टांगीत. लाकडाची गाडी, तिला पाणी लागले तर ती कुजेल, हे त्यांना कळत होते. आता लाकडाच्या जागी लोखंड आले आणि आपण समजलो, की हे काही कुजत नाही. लोखंडही कुजते. त्या कुजण्यालाच आपण गंज म्हणतो.

गंज कसा चढतो हे थोडक्यात पाहू. नुसत्या पाण्याने लोखंड गंजत नाही, नुसत्या हवेनेही गंजत नाही. दोन्ही एकत्र आली म्हणजे गंजते. आणि त्यात खार मिसळला, की गंज दुप्पट पावलांनी धावतो. आता ट्रॉलीच्या तळाच्या कोपऱ्यात काय असते ते आठवा. मुठीएवढे शेणखत, पाचटाचे तुकडे, सांडलेले रासायनिक खत आणि त्यावर पाला. पाऊस थांबून चार दिवस ऊन पडले तरी तो लगदा ओला तो ओलाच राहतो. म्हणजे पाणी आहे, हवा आहे, आणि खतातला क्षारही आहे. गंजाला याहून चांगले आमंत्रण कोणते? शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे तो फुगून वरचा रंग उचलतो आणि दोन पट्ट्यांच्या मध्ये शिरून त्यांना फाकवतो. म्हणून गंज वरून टिकलीएवढा दिसला, तरी आत तो पसरलेला असतो.

शिक्षक मंडळींना इथे एक सुचवावेसे वाटते. हा धडा वर्गात चार बाटल्या आणि चार खिळे घेऊन शिकवता येतो. पहिल्या बाटलीत खिळा अर्धा साध्या पाण्यात बुडवा आणि तोंड उघडे ठेवा. दुसरीत तसाच, पण मिठाच्या पाण्यात ठेवा. तिसरीत पाणी चांगले उकळून, म्हणजे त्यात विरघळलेली हवा घालवून, खिळा पूर्ण बुडेल इतके भरा आणि वर तेलाचा थर सोडा. चौथी बाटली कोरडी ठेवा, तिच्यात ओल शोषणारे थोडे कॅल्शियम क्लोराइड टाका आणि घट्ट बूच लावा. आठवड्याने मुलांना पाहू द्या. पहिल्या दोन खिळ्यांवर गंज दिसेल, शेवटचे दोन जवळजवळ स्वच्छ असतील. मग मुलांना म्हणा, आता घरी जाऊन आपल्या ट्रॉलीचे कोपरे पाहून या. कोणता खिळा तिथे आहे ते उद्या सांगा. मी तुम्हाला खात्रीने सांगतो, त्या संध्याकाळी पुष्कळ घरी ट्रॉली झाडली जाईल.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वर्षातून दोन दिवस ट्रॉलीसाठी काढा, एवढेच माझे मागणे आहे. एक दिवस मृगाच्या आधी आणि दुसरा खंडेनवमीच्या आधी.

मृगाआधीच्या दिवशी पहिले काम म्हणजे ट्रॉली रिकामी करून धुणे. फाळके काढा, कोपरे खुरप्याने खरवडा, आणि भरपूर पाण्याने धुवा. वरून धुतली तेवढी पुरे नाही. चासीच्या खाली, पाट्यांच्या मध्ये आणि चाकाच्या आतल्या बाजूला चिखल थापून बसलेला असतो, तोही काढा. ज्यांनी खत, चुना, सिमेंट किंवा मीठ वाहिले असेल त्यांनी हे काम दुप्पट काळजीने करावे. धुताना पाण्याचा जोरदार फवारा चाकाच्या मधल्या हबवर मात्र धरू नका. ते पाणी सीलमधून आत शिरते आणि बेअरिंगमध्ये बसते.

धुतलेली ट्रॉली एक-दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. मग हातात तारेचा ब्रश घ्या. जिथे गंज असेल तिथे चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, वर पॉलिशपेपर फिरवा, ग्रीसचा डाग असेल तर पुसून काढा, आणि मग रेड ऑक्साईडचा हात द्या. पुष्कळ जण इथेच थांबतात. तांबडा रंग लागला म्हणजे काम झाले असे त्यांना वाटते. पण रेड ऑक्साईड हे नुसते अस्तर आहे, ते पाणी पुरते अडवत नाही. ते वाळल्यावर वरून तैलरंगाचे दोन हात दिलेच पाहिजेत. गंजावर रंग लावणे म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणे, ते कधी करू नये. आणि हे काम वैशाखात उरका, कारण आभाळ भरून आल्यावर दमट हवेत लावलेला रंग धरत नाही.

घासताना जोडांकडे नीट बघा. दांडी जिथे चासीला जोडलेली असते तिथे, आणि पाट्यांच्या कड्यांजवळ, केसाएवढी चीर असली तर तिच्यातून गंजाची तांबडी रेघ उतरलेली दिसते. ती रेघ दिसली, की वेल्डिंगवाल्याकडे जायचे. वेल्डिंग करताना ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडवून घ्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या विजेच्या सामानाला धोका नाही.

तळाला लाकडी फळ्या असतील तर त्या कोरड्या करून जवसाचे तेल चोपडा. इंजिनातून काढलेले जळके तेल फळ्यांवर किंवा लोखंडावर फासायची चाल काही ठिकाणी आहे. फुकटात मिळते म्हणून ती पडली. पण पहिल्या पावसात ते तेल जमिनीत उतरते, तिथून ओढ्या-विहिरीच्या पाण्यात जाते, आणि हाताच्या कातडीलाही ते वाईट. ते न वापरलेले बरे.

आता प्रश्न आला, ट्रॉली उभी कुठे करायची? छप्पर असेल तर उत्तमच. पण सगळ्यांकडे कुठले? तेव्हा उघड्यावर, पण शहाणपणाने. जागा उंचवट्याची, मुरमाची निवडा. काळी जमीन पाण्याने फुगते आणि मऊ पडते. तिच्यात चाके रुततात, ट्रॉली एका अंगाला कलते आणि सगळा भार एका टायरवर येतो. काळ्या रानाच्या गावात निदान चाकांखाली तरी मुरूम-दगडाची भर घालून घ्या. झाडाची सावली बरी वाटते, पण झाडाखाली पाला पडून पाणी जायच्या वाटा बुजतात, वादळात फांदी मोडते, आणि बाभळ असेल तर काटे टायरला भेटतात. भिंतीच्या किंवा छपराच्या कडेला लावली तर पागोळ्यांचे पाणी तिच्यात पडणार नाही हे पाहा.

जागा ठरली, की ट्रॉली सपाट उभी करू नका. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सपाट उभ्या ट्रॉलीत पाणी साचते. हिशेब करून पाहा. तळ १० फूट लांब आणि ६ फूट रुंद, त्यात फक्त ३ इंच पाणी साचले, तर ते सुमारे ४२५ लिटर होते. म्हणजे सव्वाचार क्विंटलांचे ओझे, रात्रंदिवस, उभ्या टायरवर आणि पाट्यांवर. दोनचाकी ट्रॉली असेल तर पुढचा स्टँड उंच करा, म्हणजे तळाला मागच्या बाजूला उतार मिळेल, आणि मागचा फाळका काढून घरात ठेवा. पाणी आपोआप निथळून जाईल. चारचाकी असेल तर मुळातच हलक्या उताराची जागा बघा आणि उताराकडच्या बाजूने चाकांना भक्कम लाकडी उटी लावा. तळाच्या कोपऱ्यांत पाणी जायला बोटाएवढी छिद्रे असतात ती खिळ्याने मोकळी करा. नसतील तर पाडून घ्या.

डंपिंगची ट्रॉली असलेल्यांना पाणी निथळायचा सोपा मार्ग सुचतो, की पेटी उचलूनच ठेवावी. तसे कदापि करू नका. एक तर जॅकचा चकचकीत दांडा उघड्यावर राहून गंजतो, आणि मग तो गंज त्याचे सील कापतो. आणि दुसरे, त्याहून मोठे कारण असे, की तेलाचा दाब हळूहळू उतरतो किंवा पाइप फुटतो आणि पेटी खाली येते. तिच्याखाली कोण असेल हे कोणी सांगावे? पोर असेल, वासरू असेल. पेटी खाली बसवूनच ट्रॉली ठेवा, पाइपांच्या तोंडांना टोप्या लावा किंवा स्वच्छ प्लास्टिक बांधा. दुरुस्तीसाठी पेटी उचलावी लागली, तर लोखंडी टेकू दिल्याशिवाय तिच्याखाली डोके घालू नका.

दोनचाकी ट्रॉलीची पिन काढण्यापूर्वी ती रिकामी आहे ना हे नेहमी पाहावे. मागे जास्त भार राहिला असेल, तर पिन निघताच दांडी झटक्याने वर उडते. पुढे भार असेल तर ती पायावर आदळते. दोन्ही प्रकारांनी माणसे जायबंदी होतात.

यानंतर टायर. टायरला कामाने इजा होते त्यापेक्षा उन्हाने जास्त होते. ऊन आणि हवा यांनी रबर वाळते आणि कडेला बारीक भेगा पडतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात तर हे फार लवकर घडते. त्यात हवा कमी असली, की भेगा उघडतात आणि टायर एका जागी चपटा होतो. यावर उपाय दोन. पहिला, चाकावरचे ओझे कमी करणे. जॅक लावून आसाखाली, चाकाजवळ, जाड लाकडी ओंडके द्या, इतके की टायर जमिनीवरून जरासा सुटेल. विटांची उतरंड किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे लावू नका, ते भाराने एकाएकी फुटतात. ज्यांना ओंडके लावणे जमत नसेल त्यांनी टायरवर लिहिलेला दाब राखून हवा भरावी आणि महिन्यातून एकदा ट्रॉली हातभर पुढे-मागे ढकलावी. दुसरा उपाय सावलीचा. तुराट्यांचा किंवा पळाट्यांचा ताटवा, कोकणात नारळाचा झाप, टायरच्या दक्षिण-पश्चिम अंगाला उभा केला तरी पुष्कळ काम होते. टायर चमकावा म्हणून त्याला डिझेल किंवा तेल चोळणारे लोक आहेत. तेल रबराला खाते. साधे पाणी आणि साबण पुरे.

ताडपत्रीविषयी थोडे बोलतो, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होते. ताडपत्री ट्रॉलीवर घट्ट लपेटली, की खालची ओल आत कोंडते, आणि उघड्या ट्रॉलीपेक्षा झाकलेली ट्रॉली आधी गंजते. तेव्हा मधोमध लांबीला एक बांबू आडवा बांधा, त्यावरून ताडपत्री घराच्या पाख्यासारखी दोन्हीकडे उतरू द्या, आणि खालून हात-दीड हात मोकळे ठेवा. वारा आरपार गेला पाहिजे. ते जमत नसेल तर उताराने उभी केलेली उघडी ट्रॉलीच बरी. चार मेढी रोवून वर पत्रे टाकता आले तर सोन्याहून पिवळे.

कोकणातल्या बंधूंना आणखी दोन शब्द. रत्नागिरीकडे पाऊस ३,००० मिलिमीटरांच्या वर पडतो, सोलापूरकडे त्याच्या चौथाईहूनही कमी. शिवाय किनाऱ्याच्या वाऱ्यात मीठ असते. तेव्हा सोलापूरच्या ट्रॉलीला जो रंग तीन वर्षे पुरेल तो तुमच्याकडे एक वर्ष पुरेल असे धरून चाला, आणि पिन, साखळी, बोल्टांचे आटे यांना ग्रीसचा हात मारूनच ठेवा.

आता मधले चार महिने. या दिवसांत फार काही करायचे नाही. आठवड्यातून एकदा ट्रॉलीभोवती चक्कर मारायची. पाला साठला असेल तर काढायचा, पाणी साचले असेल तर वाट करून द्यायची. यात आणखी एक फायदा आहे. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, तर अशाच साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला सुमारे आठ ते दहा दिवस पुरतात. ट्रॉलीचा तळ, ताडपत्रीचे खोलगट पोट आणि शेजारी टाकलेला जुना टायर, या त्याच्या आवडत्या जागा. आठवड्याला एकदा त्या कोरड्या केल्या, की त्याची पैदास तुटते. शाळेने आठवड्याचा एक कोरडा दिवस ठरवला आणि मुलांना आपापल्या घरचा परिसर तपासायला लावला, तर गावाचे आरोग्यही राखले जाईल.

मात्र ताडपत्री उचलताना आधी काठीने आपटा. ट्रॉलीखालची कोरडी जागा आपल्याला जशी आवडते तशी ती घोणस, मण्यार आणि विंचवालाही आवडते. उंदीर तिथे राहायला येतात आणि त्यांच्या मागे साप येतात. भोवतालचे गवत कापून ठेवा. आणि लेकरांना त्या दांडीवर झोके घेऊ देऊ नका. स्टँड निसटला तर दांडी पोटावर येते.

असे करता करता घट बसतात. खंडेनवमीला आपण हत्यारा-अवजारांची पूजा करतो, ट्रॉलीला झेंडूची माळ घालतो. ती माळ घालण्याच्या दोन दिवस आधी तिच्यासाठी दुसरा दिवस काढा.

या दिवसाचे मुख्य काम बेअरिंगचे. जमीन सपाट आणि कडक पाहून उरलेल्या चाकांना उटी लावा, एक चाक उचला, आणि नुसत्या जॅकवर विसंबू नका, ओंडका द्या. उचललेले चाक हाताने फिरवा. खरखर आवाज आला, किंवा वर-खाली धरून हलवल्यावर चाक डुगडुगले, तर आत बिघाड आहे. नसले तरी वर्षातून एकदा ते उघडावेच. हबची टोपी काढा, खिट्टी सरळ करून काढा, खाचांचा नट सोडवा आणि बेअरिंग बाहेर घ्या. ग्रीस दुधासारखे पांढरट झाले असेल तर समजा, पावसाचे पाणी आत गेले होते. बेअरिंग रॉकेल किंवा डिझेलमध्ये स्वच्छ धुवा, आणि त्या वेळी जवळपास विडी-काडी नको. वाळवून उजेडात धरा. रोलरवर खड्डे, गंजाचे डाग किंवा तापल्याची निळी झाक दिसली तर बेअरिंग बदला. बरे असेल तर तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरांच्या मध्ये दाबून भरा. वरून लिंपलेले ग्रीस कामाचे नाही. जुन्या ग्रीसवर निराळ्या जातीचे नवे घालू नका, जुने पार काढून मग नवे भरा. तेलाचे सील फाटले असेल तर नवे घाला. चाक बसवून ते फिरवत फिरवत नट आवळा, जड लागू लागले की जरासा मागे घ्या, पुढची खाच छिद्रासमोर आली की नवी खिट्टी घाला. जुनी वाकवलेली खिट्टी पुन्हा वापरायची नाही. चार-आण्यांची वस्तू म्हणून आपण ती हसण्यावारी नेतो, पण सगळे चाक तिच्या भरवशावर असते.

जोडणी झाल्यावर थोडे अंतर ट्रॉली चालवा आणि खाली उतरून हबला हात लावा. कोमट लागले तर ठीक. हात टेकवत नसेल तर नट जास्त आवळला आहे किंवा बेअरिंग गेले आहे. चाकांचे नटही पुन्हा एकदा पान्याने तपासा. पहिल्या फेरीत ते थोडे ढिले पडतात.

मग पाटे पाहा. एखादे पान तुटले आहे का, त्यांना बांधणारे यू-बोल्ट घट्ट आहेत का. मग दांडीचे कडे आणि पिन. वर्षानुवर्षे घासून कड्याचे भोक लांबट होते आणि पिन मधोमध बारीक होते. बारीक झालेली पिन म्हणजे उद्याचा अपघात. आणि पिनच्या जागी घरातला एखादा गज किंवा बोल्ट अडकवून रस्त्यावर जाणे म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणे. कंपनीची पिन, खालून तिची लिंचपिन, आणि सोबतीला एक सुरक्षेची साखळी, एवढे हवेच.

शेवटचे काम दिसण्याचे. म्हणजे आपली ट्रॉली दुसऱ्याला दिसण्याचे. पावसाळ्यात तारा उंदरांनी कुरतडलेल्या असतात, दिव्यात पाणी गेलेले असते, रिफ्लेक्टर चिखलाने आंधळे झालेले असतात. दिवे लावून पाहा. मागे लाल, पुढे पांढरे रिफ्लेक्टर पुसून किंवा नवे चिकटवून घ्या. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ट्रॉलीचीही नोंदणी करावी लागते, आणि ओढणाऱ्या ट्रॅक्टरचा नंबर ट्रॉलीवर, दोन असतील तर शेवटच्या ट्रॉलीवर, दिसावा लागतो. तो नंबर रंगाखाली गेला असेल तर पुन्हा काढा. ऊस भरल्यावर मागचे दिवे-रिफ्लेक्टर पाचटाने झाकले जातात. अशा वेळी मोळ्यांच्या मागे, सर्वांत बाहेरच्या टोकाला, लाल रिफ्लेक्टरचे एक फडके किंवा फळी बांधा. रात्री काळ्या रस्त्यावर काळी ट्रॉली उभी असली, तर मोटारसायकलवरून येणाऱ्या माणसाला ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. आणि तो माणूस बहुधा आपल्याच शिवारातला असतो.

याच संदर्भात एक कळकळीची विनंती. रस्त्यात ट्रॉली थांबली, की आपण चाकामागे दगड लावतो. काम झाले की निघून जातो आणि दगड तिथेच राहतो. त्या दगडाने रात्री किती संसार उघड्यावर आणले असतील! ट्रॉलीला दोरीने बांधलेल्या दोन लाकडी उट्या कायमच्या ठेवा. दगड शोधायलाही नको आणि विसरायलाही नको.

कायद्याने ट्रॉली मालासाठी आहे, माणसांसाठी नाही. तरीही हंगामात तोडणीच्या टोळ्या आपला संसार, चूल, शेरडे-कोंबड्या आणि लेकरेबाळे घेऊन ट्रॉलीतून निघालेल्या आपण पाहतो. हे बंद व्हायला पाहिजे. पण जोवर ते घडते आहे तोवर एवढे तरी ध्यानात असू द्या, की त्या लेकरांचा जीव आपण दसऱ्याला तपासलेल्या, किंवा न तपासलेल्या, एका पिनवर असतो.

बैल लंगडला तर चटकन दिसतो. तो वैरण खात नाही, डोळ्यांतून पाणी काढतो, आणि आपण धावत डॉक्टरांना आणतो. ट्रॉलीला तसे काही सांगता येत नाही. तिचे दुखणे आपल्यालाच शोधावे लागते. त्यासाठी यंत्रशाळेत शिकलेला मेस्त्री लागतो असे नाही. तारेचा ब्रश, पाना, ग्रीसचा डबा, दोन ओंडके आणि वर्षातले दोन दिवस पुरेत. मृग जवळ आला असेल तर उद्याच फाळके काढून कोपरे खरवडायला घ्या. दसरा जवळ असेल तर चाके उघडा. आणि यंदा झेंडूची माळ घालाल तेव्हा तिच्या पिनला एकदा हात लावून पाहा.